आद्य ख्रिस्ती मंडळीच्या प्रसाराचा अभ्यास कसा करावा

यरुशलेममधील मूठभर यहूदी माणसांपासून पहिल्या शतकात सुरू झालेली एक चळवळ चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाली, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलेले असतो. ती ओळ उलगडायला बसले की पुण्यातील कोणत्याही अभ्यासवर्गात दोन तयार उत्तरे पुढे येतात. हे सारे दैवी सामर्थ्याने घडले, असे काही जण म्हणतात; हे सत्तेच्या जोरावर घडले, असे इतर म्हणतात. पहिले उत्तर श्रद्धेचे आहे आणि इतिहासाच्या साधनांनी ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. दुसरे उत्तर पहिल्या तीन शतकांना लागूच पडत नाही, कारण त्या काळात सत्ता या लोकांच्या हाती नव्हती आणि वेळप्रसंगी ती त्यांच्यावर उलटत होती. या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत ज्यांना खरोखर काम करायचे आहे, मग ते महाविद्यालयातील विद्यार्थी असोत, शिक्षक असोत किंवा रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमणारे आठ-दहा वाचक असोत, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे. तिचा आग्रह एकच आहे : कोणी कोणाला उपदेश केला हे शोधण्यापूर्वी कोण कोणाच्या ओळखीने आत आले आणि आत येताना त्याने काय सोडले, हे शोधावे.

प्रथम साक्षीदार काळाच्या क्रमाने मांडून घ्यावेत. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, आधी, नंतर पहिल्या अनुयायांचा वृत्तांत सांगणारी ‘प्रेषितांची कृत्ये’ आणि मग प्रेषित पौलाने निरनिराळ्या शहरांतील ख्रिस्ती लोकांना लिहिलेली पत्रे असा क्रम आहे, म्हणून बहुतेक वाचक त्याच क्रमाने वाचतात. इतिहासाच्या अभ्यासकाने पत्रांपासून आरंभ करावा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचे आहे आणि करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र त्यानंतर तीन-चार वर्षांतले. ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ त्यानंतर काही दशकांनी सिद्ध झाला, असे बहुतेक विद्वान मानतात. त्यामुळे पत्र आणि कृत्ये यांत जिथे फरक दिसेल तिथे प्रथम पत्राचे म्हणणे ऐकावे आणि कृत्यांच्या लेखकाने तो प्रसंग तसा का मांडला असेल, याचा विचार नंतर करावा. कालगणनेला एक भक्कम खुंटीही मिळते. पौल करिंथात असताना त्याला गल्लियो या अधिपतीपुढे उभे केले, असे कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या सम्राट क्लौद्याच्या शिलालेखात याच गल्लियोचे नाव आहे. त्यावरून त्याचा कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. या खुंटीवरून मागे-पुढे मोजत पौलाच्या प्रवासांच्या तारखा लावल्या जातात.

वहीत प्रत्येक साक्षीदारासमोर चार गोष्टी लिहाव्यात : तो केव्हा लिहितो, कोठून लिहितो, तो मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, मित्र आहे की विरोधक, आणि त्याने पाहिले आहे की ऐकले आहे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले की तिसऱ्या शतकातील दंतकथा पहिल्या शतकाचा पुरावा म्हणून वहीत कधी शिरते ते कळतही नाही.

विरोधकांची साक्ष विशेष जपून ठेवावी, कारण मंडळीचे कौतुक करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. यांत पहिला मान धाकट्या प्लिनीचा आहे. काळ्या समुद्रालगतच्या, आज तुर्कस्तानात असलेल्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा हा राज्यपाल. इ.स. ११२ च्या सुमारास त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले की, या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. हे पत्र दोन-तीन पानांचेच आहे, ते एका बैठकीत मोठ्याने वाचावे आणि मग एकेका वाक्यापाशी थांबावे. ठरलेल्या दिवशी हे लोक पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी व व्यभिचार करणार नाही आणि दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात, असे चौकशीत निघाले. अधिक माहितीसाठी प्लिनीने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. म्हणजे एका प्रांतातील मंडळीत जबाबदारीच्या जागी गुलाम स्त्रिया होत्या, हे आपल्याला त्यांना छळणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून कळते. ही बाब फक्त शहरांत राहिली नसून खेड्यापाड्यांत पोहोचली आहे आणि देवळे ओस पडली होती, असेही तो लिहितो. मात्र आपण उपाय केल्यावर बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले, अशी पुस्तीही जोडतो. स्वतःच्या कारवाईचे यश सांगणारा अधिकारी आधीची परिस्थिती फुगवून सांगू शकतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

याच पत्रातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. चौकशीसाठी आणलेल्यांपैकी काहींनी सांगितले की आम्ही पूर्वी ख्रिस्ती होतो, पण सोडून दिले. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी त्याहून आधी, काही जणांनी तर वीसेक वर्षांपूर्वी. प्रसाराचा अभ्यास करताना आत येणाऱ्यांबरोबर बाहेर जाणाऱ्यांचीही नोंद ठेवावी लागते. जो इतिहास फक्त आत येणाऱ्यांची गणती करतो तो अर्धाच असतो, आणि माझ्या मते या विषयावरील पुष्कळशा लेखनाचा तोच मोठा दोष आहे.

आकड्यांचे गणित स्वतः करून पाहावे. ‘प्रेषितांची कृत्ये’ एका दिवसात सुमारे तीन हजारांनी बाप्तिस्मा घेतल्याचे सांगते, आणि त्यामुळे प्रसार म्हणजे प्रचंड सभा व सामूहिक मतपरिवर्तन असे चित्र मनात ठसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ मध्ये एक साधा हिशेब मांडला. इ.स. ४० मध्ये एक हजार ख्रिस्ती होते असे धरा आणि दर दहा वर्षांनी संख्या चाळीस टक्क्यांनी वाढते असे धरा. गणकयंत्रावर १,००० ला १.४ ने सव्वीस वेळा गुणले की इ.स. ३०० साठी सुमारे ६३ लाख हा आकडा येतो. साम्राज्याची लोकसंख्या सहा कोटी धरली तर हा साधारण दहावा हिस्सा. आता हाच वेग वर्षावर आणून पाहा. तो सुमारे ३.४ टक्के येतो, म्हणजे शंभर माणसांच्या मंडळीत वर्षाकाठी तीन-चार माणसांची भर, आणि तीत जन्माला आलेली मुलेही आलीच. एवढ्या वाढीला चौकातील सभा लागत नाही. शेजारीण, भाऊ, कारागिरीतील भागीदार आणि सून एवढी माणसे तिला पुरतात.

या हिशेबाची मर्यादाही त्याच बैठकीत पाहून घ्यावी. आरंभीचे हजार आणि दशकाचे चाळीस टक्के या दोन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. त्या काळची कोणतीही शिरगणती आपल्यापाशी नाही. आरंभाला तीन हजार धरले आणि शेवट तोच ठेवला, तर दशकाला सुमारे चौतीस टक्के वेग पुरतो. गृहीते बदलून तीन-चार वेळा गणित मांडले की एक गोष्ट पक्की होते : आकडा कोणताही धरला तरी वाढ संथ, सातत्याची आणि घरगुती स्वरूपाची असू शकते. ती प्रत्यक्षात तशीच होती, हे मात्र गणित सिद्ध करत नाही. त्यासाठी माणसांकडे वळावे लागते.

येथे अभ्यासाचा सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो, आणि त्याला घाई करू नये. पौलाची पत्रे व कृत्ये यांतील नावांची एक यादी करावी आणि प्रत्येक नावासमोर घर, धंदा आणि गाव लिहावे. फिलिप्पै येथे पौलाचे ऐकणारी लुदिया मूळची थुवतीरा गावची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिच्या घराण्यासह तिचा बाप्तिस्मा होतो आणि लगेच ती पौल व त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी राहायला भाग पाडते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे यहूदी जोडपे सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडून करिंथला आलेले. त्यांचा धंदा तंबू शिवण्याचा, पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करतो. पुढे हेच जोडपे इफिसात भेटते आणि नंतर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पुन्हा रोममध्ये, आणि या दोन्ही ठिकाणी त्यांच्या घरी मंडळी जमते. त्याच अध्यायाच्या आरंभी किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे. एवढी नावे नकाशावर बिंदूंनी दाखवून रेघांनी जोडली की बंदरे, महामार्ग आणि कारागिरांच्या आळ्या आपोआप उमटतात. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती लोकांवर टीका करणाऱ्या सेल्ससची तक्रारही हीच होती की, लोकर विंचरणारे, चांभार आणि परीट घराघरांत शिरून बायकामुलांना बहकवतात. टीकाकाराचा तिरस्कार बाजूला काढला की खाली उरते ती प्रसाराची वाट.

घर म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर सीरियातील दुरा-युरोपोस येथील अवशेषांची छायाचित्रे व आराखडा मिळवावा. फरात नदीकाठच्या या लष्करी ठाण्यात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एका साध्या घरात फेरफार करण्यात आले. दोन खोल्यांमधली भिंत काढून एक लांबट दालन केले, त्यात साठ-सत्तर माणसे बसू शकतील. दुसऱ्या एका लहान खोलीत छताखाली बाप्तिस्म्याचे कुंड बांधले आणि भिंतींवर मेंढपाळ, पाण्यावरून चालणारा ख्रिस्त, बरा होऊन स्वतःची बाज उचलून निघालेला पक्षघाती अशी चित्रे काढली. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानियन सैन्याच्या वेढ्याच्या वेळी रोमनांनी तटालगतची घरे मातीने भरून टाकली, आणि त्या भरावामुळेच १९३० च्या दशकातील उत्खननात हे घर शाबूत सापडले. कसबा किंवा शनिवार पेठेतील जुन्या वाड्याची ज्यांना सवय आहे त्यांना हा आराखडा चटकन कळेल : चौक, त्याभोवतीच्या खोल्या, आणि रस्त्यावरून पाहता आत काय चालते याचा पत्ता न लागणे.

आता किमतीचा प्रश्न. मतांतर करणाऱ्याला काय सोडावे लागे हे कळल्याशिवाय त्याने ते का केले, हे विचारण्यात अर्थ नाही. येथे पुण्यातील वाचकाला एक विशेष सोय आहे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, प्राचीन सीरियातील अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र यहूदी नसलेल्या बांधवांच्या पंक्तीला बसत असे, पण यरुशलेमहून काही माणसे येताच तो मागे सरला, आणि मी त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला एका जेवणावरून एवढा वाद का, हे समजावून सांगावे लागते. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा-बिस्किटे घेतल्यावरून लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले, हे ज्या शहराला ठाऊक आहे, त्याला पंक्तीचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. गलतीकरांस पत्र आणि पंचहौदचे प्रकरण एकाच बैठकीत समोरासमोर ठेवून वाचावे.

घर दुभंगण्याबाबतही तसेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, नवरा-बायकोपैकी एकानेच विश्वास धरला तर काय करावे, याची चर्चा आहे आणि सोबत राहण्यास दुसरा तयार असेल तर सोडू नये, असा सल्ला आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचल्यानंतर पौलाचा तो अध्याय कोरडा नियम वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत नवऱ्याने आधी पाऊल टाकले आणि त्या पाच वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. पहिल्या शतकातील ‘घराण्यासह बाप्तिस्मा’ या शब्दांखाली किती सुना, गुलाम आणि मुले किती मनापासून आली असतील, हा प्रश्न विचारायला आपण त्यांच्याकडून शिकतो.

या तुलनेत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात राज्यकर्ते ख्रिस्ती होते; मिशनरी परदेशी असला तरी राज्यकर्त्यांच्या धर्माचा होता. करिंथ किंवा अंत्युखियातील मंडळीला असा कोणताही आधार नव्हता. म्हणून घरातील, पंक्तीतील व नात्यातील ताण समजून घेण्यापुरतीच ही तुलना वापरावी. सत्तेबद्दलचे निष्कर्ष एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवू नयेत. अभ्यासवर्गात हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांतील माणसे असतील, आणि ती असावीतच, तर ही मर्यादा पहिल्याच दिवशी सर्वांनी मान्य करावी. आजच्या धर्मांतराच्या राजकारणाचा निवाडा दुसऱ्या शतकातील पुराव्यावरून होत नसतो.

किमतीचे आणखी दोन कागद वाचावेत. तिसऱ्या शतकातील रोमचा ख्रिस्ती लेखक हिप्पोलितस याच्या नावाने चालत आलेली ‘प्रेषितीय परंपरा’ सांगते की बाप्तिस्मा इच्छिणाऱ्याने तीन वर्षे शिक्षण घ्यावे. त्याआधी त्याचा धंदा विचारला जाई : मूर्ती घडवणाऱ्याने व आखाड्यात झुंजणाऱ्याने धंदा सोडावा, मुलांच्या शिक्षकाने सोडला तर उत्तम, पण दुसरा पोटापाण्याचा उद्योग नसेल तर चालेल. दुसरा कागद अक्षरशः कागद आहे. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. एकावर ऑरेलियस डायोजिनिस या ७२ वर्षांच्या गावकऱ्याचे नाव आहे आणि ओळख म्हणून उजव्या भुवईवरील व्रण नोंदवला आहे. हा माणूस ख्रिस्ती होता असे समजण्याची चूक करू नये. हुकूम सर्वांना होता, आणि एक दाखला तर एका देवळाच्या पुजारिणीचा आहे. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा सराव करायला याहून चांगला कागद मिळणे कठीण.

सेवेचा धागा थोडक्यात, पण सोडू नये असा. इ.स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो की, त्याची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा व गरजूंना पोसते. साधारण त्याच काळात साम्राज्यभर साथ पसरली असता अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस आपल्या बांधवांनी रोग्यांची शुश्रूषा कशी केली, हे सांगतो. तो आपल्याच माणसांबद्दल बोलतो, म्हणून सावध राहावे, परंतु इ.स. ३६२ मध्ये ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक सम्राट ज्युलियन एका पुरोहिताला लिहितो की, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, तेव्हा दिओनिसियसच्या सांगण्याला बळ मिळते.

इ.स. ३१२-३१३ पाशी आल्यावर वहीचे नवे पान उघडावे, कारण येथून प्रश्नच बदलतात. सम्राट कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांच्या ३१३ च्या संमतीने उपासनेला मोकळीक व जप्त मालमत्ता परत मिळाली. ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला तो त्यानंतर, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने. या दोन वर्षांची गल्लत फार होते. या काळात ख्रिस्ती होण्याने नुकसानीऐवजी लाभ होऊ लागला, म्हणून आधीच्या बैठकांतील किमतीचा प्रश्न उलटा करून विचारावा : आता ख्रिस्ती न होण्याची किंमत काय होती?

पुण्यात साधने मिळवणे अवघड नाही. नगर रस्त्यावर रामवाडी येथे ज्ञानदीप विद्यापीठ आणि बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन ईश्वरविज्ञानाच्या संस्था आहेत. तेथे बाहेरच्या वाचकाने आधी पत्र किंवा दूरध्वनी करून परवानगी घ्यावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील जयकर ग्रंथालयात रोमन इतिहासाची पुस्तके पाहावीत. मराठी पवित्र शास्त्राच्या दोन आवृत्त्या, एक जुन्या वळणाची आणि एक सोप्या मराठीतील, प्रत्येकाच्या हाती असाव्यात.

शेवटी भारताचा प्रश्न येतोच, आणि तो तीन रकान्यांत ठेवावा. परंपरेच्या रकान्यात इ.स. ५२ मध्ये प्रेषित थोमा केरळच्या किनाऱ्यावर उतरल्याची, तेथील ख्रिस्ती समाजाने जपलेली आठवण लिहावी. ग्रंथांच्या रकान्यात तिसऱ्या शतकातील, सिरियाक भाषेतील ‘थोमाची कृत्ये’ आणि सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस यांची नोंद करावी. मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे, असे कॉस्मस लिहितो. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तिसरा रकाना दगडाचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परकीयांच्या, दानाचे लेख आहेत आणि पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा व कल्याण या बंदरांची नावे आहेत. पण हे दगड व्यापाराची ग्वाही देतात, मंडळीची देत नाहीत. कार्ल्याच्या यवनांनी दान दिले ते बौद्ध संघाला. तिन्ही रकाने एकमेकांत मिसळू न देता समोर ठेवले की दिसते ते असे : आपल्या किनाऱ्याकडे येणारा धागा रोमपेक्षा पर्शियाच्या आखातातून आणि सिरियाक बोलणाऱ्या मंडळीकडून अधिक स्पष्टपणे येतो. म्हणून पुढच्या हंगामासाठी एडेसा व निसिबिस ही सिरियाक मंडळीची केंद्रे आणि पूर्वेकडील मंडळी यांवरची पुस्तके आत्ताच मागवून ठेवावीत.